कडेची ओळ

मी प्रयोगशाळेत नोकरी केली, पण माझं काम शास्त्राचं नव्हतं. नमुन्यांच्या कागदी पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, काचसामान धुवायचं आणि सोमवारी सकाळी ओव्हनला जोडलेल्या तापमानयंत्रातला गोल कागद बदलायचा. चिठ्ठीवर चार-पाच शब्द मावतात. त्यापेक्षा जास्त मी आयुष्यात फारसं लिहिलेलं नाही. त्यामुळे हे नीट उतरेल की नाही, शंकाच आहे. पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

गव्हावर संशोधन करणाऱ्या आमच्या केंद्रात त्यांना सगळे काडीवाले म्हणत. पगारपत्रकावर वेगळं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर खुद्द तेही वळून बघायला क्षणभर उशीर करत. "तीस वर्षांत कुणाच्या संसारात काडी लावली नाही, तरी माझंच नाव काडीवाला," असं ते म्हणत आणि कोणी हसायच्या आत पुढे निघून जात. बारीक अंगाचे, मान किंचित पुढे आलेली. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. हंगामात ते हिरवं असे, एरवी तपकिरी.

ते नख म्हणजे त्यांचं हत्यार. पाणी कमी पडलं की गव्हाची पानं आधी वाळतात, आणि पानं वाळली की साखर तयार होणं थांबतं. मग दाणा कशावर भरणार? तर काडीत आधीच साठलेल्या साखरेवर. कोणत्या वाणाच्या काडीत किती साठा आहे आणि तो वेळेवर दाण्यापर्यंत पोचतो का, हे बघायला दुष्काळाची वाट बघत बसता येत नाही. म्हणून फुलोऱ्यानंतर चौदाव्या दिवशी ठरलेल्या ओळीतल्या प्रत्येक झाडाची सगळीच्या सगळी पानं हातानं खुडायची. काडी आणि ओंबी एवढंच उरतं. शेजारची ओळ पानांसकट ठेवायची. कापणीनंतर दोन्हीकडचे दाणे तोलायचे. त्याच चौदाव्या दिवशी त्या वाणाच्या काही काड्या कापून, सुकवून, त्याही तोलायच्या.

हे खुडणं सोपं दिसतं, पण नाही. नवीन माणूस पान ओढतो आणि पानाबरोबर काडीची साल सोलून येते. काडीवाले म्हणत, "साल गेली की रस्ता गेला. साखर चढते ती सालीखालच्या बारीक नळ्यांतून. नळी तोडायची आणि मग दाणा का भरला नाही म्हणून झाडाला विचारायचं, हा कुठला न्याय?"

मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला बांधावर बसवून एक काडी दिली होती. ओंबीखालचं दुसरं पेर दातांनी फोडायला लावलं. गोड होतं, उसाइतकं नाही, पण गोड.

"पानात होते," ते म्हणाले, "तिथून खाली उतरते आणि या पेरांत थांबते. आत्ता वर तिला घेणारं कोणी नाही, दाणा अजून लहान आहे. पंधरा-वीस दिवसांनी दाणा मागायला लागला की हीच साखर उलटी वर चढेल. तेव्हा चावून बघ. भुसा लागेल."

"म्हणजे काडीनं साठवायचं आणि ओंबीनं न्यायचं."

"मग काय. ओंबीचा फोटो काढतात, काडीचा कोणी काढतं का?"

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. कापलेली काडी मेलेली नसते. ती श्वास घेत राहते आणि स्वतःचीच साखर जाळत राहते. म्हणून कापली की तासाभरात कडक गरम ओव्हनमध्ये घालून तिला पुरती मारायची, नाहीतर जे मोजायचं तेच उरत नाही. हे त्यांना पाठ होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

आता कडेच्या ओळीबद्दल. ते चाळिशीत असताना एका वर्षी त्यांना शेताच्या अगदी कडेला, एका मोडीत काढलेल्या वाणाच्या ओळीत, दोन झाडं वेगळी दिसली. चुकून त्या ओळीचीही पानं खुडली गेली होती. बाकीच्या झाडांचे दाणे सुरकुतलेले निघाले आणि या दोघांचे टपोरे, जणू पानं अंगावरच होती. त्यांनी ते दाणे एका पाकिटात ठेवले. पुढच्या वर्षी कडेलाच पेरले, पुन्हा खुडले, पुन्हा टपोरे. असं अकरा वर्षं चाललं. त्यांनी तीन साहेबांना दाखवलं. पहिल्यानं "बघू" म्हटलं, दुसऱ्यानं "पाकिटावर तारीख घाल" म्हटलं आणि तिसऱ्यानं कडेची जागा हवी म्हणून ओळ काढायला सांगितली. मग ते दुसऱ्या कडेला पेरू लागले. त्या वाणाला आम्ही 'कडेची' म्हणायला लागलो. त्यांच्या बायकोनं तिला सवत ठरवलं होतं. मी घरी गेलो की वहिनी विचारत, "काय भाऊजी, माझी सवत कशी आहे? बाळसं धरलंय का?"

निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या. तीन वर्षांच्या करारावर. त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी कडेचीबद्दल ऐकलं, स्वतः शेतात जाऊन काडी चावली आणि म्हणाल्या, "काका, हिला चाचणीत घालू." काडीवाल्यांना त्या दिवशी डबा गेला नाही. मला अर्धा दिला.

चाचणीचा नियम साधा होता. सलग तीन वर्षं काडीतली साखर तुलनेच्या जुन्या वाणापेक्षा जास्त हवी, आणि पानं खुडूनही दाण्याचं वजन फार घसरता कामा नये. तिन्ही वर्षं पास झाली तर बियाणं वाढवायला परवानगी. एकदा नापास झाली तर बाहेर. पहिल्या वर्षी कडेची शेकडा सत्तावीस, जुना वाण तेवीस. दुसऱ्या वर्षी सव्वीस आणि तेवीस. दोन्ही वर्षं काड्या मॅडमच्या जुन्या प्रयोगशाळेत सुकवल्या आणि मोजल्या. तिसऱ्या वर्षी ती सोय बंद झाली. सुकवणं आमच्याकडे, आमच्या ओव्हनमध्ये. काडीवाल्यांचाही तो शेवटचा हंगाम होता.

आमच्या ओव्हनची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांचे डबे त्यात गरम व्हायचे. ही रीत काडीवाल्यांनीच पाडली होती. ओव्हन त्यांच्या ताब्यात होता आणि मी लागायच्या आधी कधीतरी, टायपिस्ट बाईंच्या पोटाच्या तक्रारीवरून त्यांनी पहिला डबा आत ठेवला होता. मग दोन, मग दहा, मग चाळीस. कोणाचा डबा कुठे ठेवायचा, कोणाला कडक गरम लागतो, कोणाचं झाकण गळतं, सगळं त्यांच्या डोक्यात. नमुने एका कप्प्यात सरकवायचे आणि बाकीच्या कप्प्यांत डबे. तीस वर्षांत काही बिघडलं नाही, कारण तीस वर्षं आम्ही सुकलेल्या काड्या फक्त तोलायचो. वजनात तेवढा फरक कळत नाही. साखर कोणी मोजलीच नव्हती.

त्या वर्षी जुना वाण तीन दिवस आधी फुलला. त्याचा चौदावा दिवस रविवारी आला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंच आलो, काड्या कापल्या, ओव्हनमध्ये घातल्या. कडेचीचा चौदावा दिवस बुधवारी आला.

मोठे साहेब पुढच्या आठवड्यात लांब प्रशिक्षणाला जाणार होते, म्हणून काडीवाल्यांचं निरोपाचं जेवण दोन-अडीच महिने आधी, त्याच बुधवारी ठरलं. सगळ्यांनी घरून मोठमोठी भांडी आणली. साडेदहाला काडीवाल्यांनी कडेचीच्या पिशव्या खालच्या कप्प्यात लावल्या. अकराला भांडी आली.

"दादा, आज राहू दे का?" मी विचारलं. मला काही कळलं होतं म्हणून नाही. भांडी मावतील असं वाटत नव्हतं, म्हणून.

"माझ्याच जेवणाला लोकांना थंड खायला घालू?" ते म्हणाले. "वरचे सगळे कप्पे त्यांचे, खालचा माझा. ओव्हन गरमच आहे की."

दर पाच मिनिटांनी कोणीतरी दार उघडून भांड्याला हात लावून बघत होतं. जेवायला दोन वाजले. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. "यांनी तीस वर्षं गव्हाला उघडं पाडलं, स्वतः मात्र कधी उघडे पडले नाहीत." सगळे हसले. काडीवाले पण हसले, ताटाकडे बघत. त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. वहिनींना बोलावलं नव्हतं, तशी पद्धत नव्हती. उरलेलं जेवण त्यांनी घरी नेलं.

काही आठवड्यांनी साखरेचे आकडे आले. जुना वाण चोवीस. कडेची सतरा.

मॅडमनी तीनदा मोजलं. तिन्हीदा सतरा. आणि गंमत अशी की दाण्याचं वजन उत्तम होतं. पानं खुडलेल्या ओळीत ते जेमतेम शेकडा आठनं घसरलं होतं, म्हणजे मागच्या दोन वर्षांसारखंच. ह्या दाण्यांनी वाचवायचं तर त्यांनीच बुडवलं.

समितीची बैठक झाली तेव्हा काडीवाल्यांच्या नोकरीचे दहा दिवस उरले होते. मी चहाची भांडी घेऊन आत होतो. समितीतले एक जाडसर गृहस्थ म्हणाले, "काडीत साखर नाही आणि दाणा मात्र टपोरा. हा दाणा काय हवा खाऊन वाढला?"

मॅडम म्हणाल्या की मोजणीत काही चूक असू शकते.

"मोजणीत कशाला? खुडणीत असेल. खुडणी कोणी केली? ज्याची ही लाडकी ओळ, त्यानंच ना?"

त्यांना आत बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले.

"सगळी पानं खुडली होती?"

"हो साहेब."

"सगळी? की थोडी झाडाच्या अंगावर राखली, लेकराला घोंगडी राखावी तशी?"

 ते डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा धरून उभे राहिले. गृहस्थांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं. कडेची बाहेर.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत केंद्रभर झालं की काडीवाल्यांनी शेवटी हात मारला. तीस वर्षं ज्यांचे डबे गरम करून दिले तीच माणसं म्हणत होती, "दिसतं तसं नसतं बाबा." कोणी तोंडावर बोललं नाही. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.

गोल कागदांची फाईल माझ्याकडे असे. आठवड्याला एक कागद, त्यावर सुईनं काढलेली तापमानाची रेघ. ते कागद कोणी बघत नसे, मीही नाही. पण चार-पाच रात्री मला सारखा त्यांचा तो अंगठा दिसत राहिला आणि मग एका सकाळी लवकर जाऊन मी फाईल काढली. रविवारची रेघ शंभरावर सरळ होती. बुधवारची साडेदहाला चढायला लागली होती आणि शंभराच्या जवळ पोचायच्या आधीच अकराला कोसळली होती. दोन वाजेपर्यंत ती चव्वेचाळीसच्या आसपास लोळत होती. चव्वेचाळीस अंशांत काडी मरत नाही. उलट जोरात श्वास घेते. तीन तास ती स्वतःची साखर जाळत बसली होती.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते अवजारांच्या खोलीत कोयते पुसत होते, परत करायचे म्हणून. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला.

"हा बुधवार?"

"हो."

"भांडी."

"हो, दादा."

बराच वेळ ते रेघेवरून नख फिरवत राहिले. मग म्हणाले, "कोणाला दाखवलास?"

"अजून नाही. पण यानं सिद्ध होतं ना, की पानं तुम्ही सगळी खुडली होती. तुम्ही चोरी केली नाही."

"ती मी केली नव्हती हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "हे माहीत नव्हतं."

कागद परत देऊन ते पुन्हा कोयता पुसायला लागले. दाखव म्हणाले नाहीत, दाखवू नको असंही म्हणाले नाहीत.

मी चार दिवस विचार केला. मी निर्णय घेणारा माणूस नाही, घरी भाजीसुद्धा बायको ठरवायची. पण जेवणाच्या खोलीत जे बोलणं चालायचं ते मला ऐकवेना. पाचव्या दिवशी मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बघितला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "आपण ओव्हनमध्ये डबे ठेवतो?" त्या तीन वर्षं तिथे होत्या. त्या घरून काही आणत नसत, बाहेर जाऊन खात.

त्यांनी समितीला पत्र लिहिलं, कागदाची प्रत जोडली. उत्तर यायला तीन महिने लागले. तोवर काडीवाले निवृत्त झाले होते. उत्तर असं होतं की नमुने हाताळताना केंद्राच्या कर्मचाऱ्याकडून चूक झाल्याचं समितीनं नोंदवलं आहे. वाण हवं तर चाचणीत पुन्हा घेता येईल, मात्र पहिल्या वर्षापासून. त्याच आठवड्यात मॅडमचा करार संपला. जाताना त्या मला म्हणाल्या, "काकांना सांगा, रोजंदारीवर येऊन फक्त कडेचीची खुडणी करा. कोणीतरी पुढे नेईल. त्यांच्याशिवाय इथे कोणाचा हात तसा नाही."

पत्राबरोबर एक हुकूमही आला. ओव्हनमध्ये खाण्याचे पदार्थ ठेवण्यास सक्त मनाई. दारावर चिकटवायची चिठ्ठी मीच लिहिली. त्या दिवसापासून चाळीस माणसं थंड जेवू लागली, आणि चोरीचं बोलणं मागे पडलं. आता नवीन होतं. "स्वतः गेला आणि जाताना आमचे डबे थंड करून गेला." ज्या टायपिस्ट बाईंसाठी पहिला डबा आत गेला होता, त्यांनीच हे पहिल्यांदा म्हटलं, हे मी कानांनी ऐकलं.

मी निरोप घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. अंगठ्याचं नख कापलेलं होतं. बोटाचं टोक उघडं, गुलाबी, दुसऱ्याच कोणाचं असावं तसं.

मी सगळं सांगितलं. पत्र, पुन्हा चाचणी, रोजंदारी. ते ऐकत होते.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"तीनच तर आहेत, दादा. तुमच्या हाताखाली मी राहीन. आता ओव्हनमध्ये काही जात नाही."

"मला काय कळतं त्यातलं."

"तुम्हाला नाही तर कोणाला?"

"ज्याला कळतं तो खालच्या कप्प्यात काडी आणि वरती भांडी ठेवत नाही." आवाज चढलेला नव्हता. "तुला बांधावर बसवून मी काय शिकवलं होतं? बोल."

मी फरशीकडे बघितलं.

"बोल ना. तुला पाठ आहे."

"कापलेली काडी मेलेली नसते," मी म्हणालो.

"हं. साहेबांना नव्हतं माहीत, त्या बाईंनी बघितलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी तिथे उभा होतो. लोकांना कडक गरम हवं, म्हणून." ते खिडकीबाहेर बघू लागले. "अकरा वर्षं तिला लोकांपासून वाचवली. जा तू. चहा घेऊन जा."

चहा मी घेतला नाही. वहिनी दारापर्यंत आल्या आणि दार मागे ओढून जिन्यात उभ्या राहिल्या. मी म्हणालो की थोड्या दिवसांनी पुन्हा विचारून बघतो.

"नका येऊ भाऊजी," त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमून. "लोक चोर म्हणत होते तेव्हा हे दोन वेळा जेवत होते. शिव्या द्यायचे, त्या जाड्या साहेबाला, समितीला, सगळ्यांना. रात्री मला उठवून सांगायचे, बघ, माझ्यावर अन्याय झाला. झोप लागायची त्यांना. तुम्ही तो कागद आणलात आणि आता शिव्या द्यायला कोणी उरलं नाही."

"वहिनी, मला वाटलं त्यांचं नाव स्वच्छ होईल."

"झालं ना. घेऊन काय करायचं ते?"

त्या आत गेल्या. मी पुन्हा गेलो नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं मला केंद्रातच कळलं, दुपारी जेवताना, आणि ते सांगणारा माणूस सांगता सांगता डब्यातलं थंड जेवण चमच्यानं मोकळं करत होता. कडेचीचं बियाणं शीतगृहातल्या खणात होतं. पाकिटावर तारीख होती आणि माझ्या हातची चिठ्ठी. दर वर्षी यादी करताना मी ते पाकीट मोजत असे, आणि उगवणशक्ती तपासायला कोणी सांगतं का याची वाट बघत असे. माझ्या निवृत्तीपर्यंत कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.